पूजेत बसलेली वजनं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला दर वर्षी फोन करतात आणि दर वर्षी मी त्यांना खोटं सांगतो. एकदा मोतीबिंदूचं कारण दिलं. एकदा भारतात आलोय म्हणालो, तेव्हा मी शारजात, अल नहदातल्या आमच्या बाल्कनीत मेथी निवडत बसलो होतो. त्यांना माझ्याकडून एकच किस्सा हवा असतो. "काका, ते बॉक्सिंगचं लिहा ना! जगज्जेत्या कोरियन बॉक्सरचं वजन मराठी माणसाच्या काट्यावर झालं, केवढी अभिमानाची गोष्ट!"

या अभिमानापोटी मंडळाने मला गणपतीत स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला आहे. मी तो घेतलाही. नारळाच्या वड्या झाल्या. शाल कपाटात आहे, ती मी अजून पांघरलेली नाही. लेख मात्र टाळत आलो, कारण लिहायचा तर खरा लिहावा लागेल आणि खरा लिहिला तर शाल परत करावी लागेल. यंदा लिहितो आहे. ज्यांना अभिमान वाटून घ्यायचा असेल त्यांनी थेट पाककृतींच्या पानाकडे वळावं.

दुबईत रास अल खोरला माझं वजनकाट्यांचं दुकान होतं. विक्री थोडी, दुरुस्ती फार. शेजारी भाजीचा घाऊक बाजार असल्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. लोकांना वाटतं की काटा वजन दाखवतो. काटा फक्त आपलं मत सांगतो. ते मत खरं की खोटं हे ठरवायला आमच्याकडे लोखंडाचे ठोकळे असतात, ज्यांचं वजन आधीच पक्कं ठाऊक असतं. आम्ही त्यांना नुसतं 'वजनं' म्हणतो. सपाट काट्याला खाली चार पाय असतात आणि प्रत्येक पायात एक सेन्सर. चार भावांसारखे ते चौघे एका घरात नांदतात, पण स्वभाव ज्याचा त्याचा. काटा जरा ओढला, आपटला, की एखादा कोपरा जास्त दाखवायला लागतो. मधे उभं राहिलात तर चूक दिसत नाही, त्या कोपऱ्याकडे झुकलात तर दिसते. म्हणून काटा जिथे मांडला तिथेच ठोकळा आधी मधे ठेवायचा, मग चारही कोपऱ्यांवर एकेकदा. सगळीकडे सारखा आकडा आला की काटा खरा. चहा उकळायला याहून जास्त वेळ लागतो. काट्याला चिकटवलेला हिरवा स्टिकर एवढंच सांगतो की स्टिकर चिकटवला त्या दिवशी काटा बरोबर होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक कांदेवाला व्यापारी काटा दुरुस्तीला देताना दर वेळी डोळा मारून म्हणायचा, "भाईसाब, थोडा प्यार से सेट करना." हे प्रेम अर्थातच त्याच्या बाजूने झुकलेलं हवं असायचं. मी त्याला हाकलायचो आणि तो हसत दुसऱ्या दुकानात जायचा. दुसरा एक म्हातारा अरब होता, ससाणे पाळणारा. ससाण्याचं वजन रोज सकाळी होतं. पक्षी जरा जड झाला तर उडून परत येत नाही, जरा हलका झाला तर आजारी पडतो. हा गृहस्थ मखमली पिशवीतून स्वतःचं पितळी वजन घेऊन यायचा. "आधी तुझा काटा, हबीबी," म्हणायचा, "मग माझा पक्षी." काटा टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकवला तरी तो पुन्हा तपासायला लावायचा. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. त्याच्याइतकं शहाणं गिऱ्हाईक मला पुढे मिळालं नाही. या शहरात पक्ष्याचं वजन जितक्या इमानाने होतं तितकं माणसाचं झालं असतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

मग दुबईत बॉक्सिंगचे जलसे सुरू झाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. रिंगच्या भोवती सोफे, सोफ्यांवर गॉगल लावून बसलेली माणसं, आणि अर्ध्यांची पाठ रिंगकडे, कारण फोटोत आपलं तोंड आणि मागे रिंग यायला हवी. ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या पाठीत धपाटा घातला नसेल ते "मार, मार" म्हणून ओरडतात आणि मधेच वेटरला बोलावून सॅलड परत पाठवतात. त्या आयोजक कंपनीत निनाद नावाचा एक मॅनेजर होता, पुण्याचा. वयाने माझ्या मुलाएवढा. मला 'काका' म्हणायचा आणि त्या एका शब्दाच्या बळावर वाटेल ते करून घ्यायचा.

"काका, वजनाचा कार्यक्रम लाइव्ह जाणार आहे. काटा स्लीक पाहिजे. तो तुमचा गोणी मोजायचा रणगाडा नको."

मी काळ्या काचेचा पातळ काटा दिला. त्याच्या दृष्टीने सुंदर होता, माझ्या दृष्टीने नाजूक. पण कॅमेऱ्यासमोर माझा काटा येणार म्हणून मीही हुरळलो होतो. ते कबूल करतो.

बॉक्सिंगमधलं वजन काय भानगड असते ते सांगतो. प्रत्येक गटाला वजनाची मर्यादा असते. लढत उद्या असेल तर वजन आज होतं. बॉक्सर एरवी त्या मर्यादेच्या बराच वर असतो. शेवटच्या आठवड्यात तो स्वतःला पिळून काढतो. प्लॅस्टिकचे कपडे घालून पळतो, कढत पाण्यात बसतो, पाणी तोडतो, कपात थुंकत राहतो. वजन झालं की बाटली तोंडाला लावतो. जगज्जेता मर्यादेच्या वर भरला तर त्याचा पट्टा, म्हणजे ते अजिंक्यपद, तिथे काट्यावरच जातं. एकही ठोसा न खाता. याला हे लोक खेळ म्हणतात.

कांग हा तो जगज्जेता. कोरियातल्या एका बंदराच्या गावात मासळीच्या बर्फाच्या लाद्या वाहत मोठा झालेला. तिथेच हान नावाच्या एका जुन्या बॉक्सरने त्याला पाहिलं आणि आपल्या तालमीत नेलं. तालीम म्हणजे टायरच्या दुकानावरचा माळा. पहिली व्यावसायिक लढत कांग हरला. त्याच्या देशात आता बॉक्सिंगला कुणी विचारत नाही, त्यामुळे बाकीचं आयुष्य दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या प्रेक्षकांपुढे, दुसऱ्यांच्या पंचांच्या हाताखाली लढण्यात गेलं. पट्टा त्याने परक्या देशात जिंकला, तोही डोळा सुजून बंद झालेला असताना, आणि परक्या देशांतच राखला. स्वतःच्या गावात जगज्जेता म्हणून तो एकदाही लढला नाही. हे सगळं मला पुढे कळलं. आयोजकांनी त्याच्यावर बनवलेल्या फिल्ममध्ये तो फक्त धुरातून चालत येतो आणि मागे वीज कडाडते.

लढत दसऱ्याला होती, म्हणजे वजन खंडेनवमीला. आमच्या घरी खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पूजेत बसतात. पाने, पेचकस आणि माझी ती लोखंडी वजनं. हिने चौरंगावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं ठेवली होती. मी निघताना ती म्हणाली, "अहो, वजनं लागणार असतील तर न्या. मी अक्षता टाकून हलवते. देवाला कळतं."

"राहू दे," मी म्हणालो, "एक दिवस तपासलं नाही म्हणून काय होतंय? काटा आपलाच आहे."

मी देवभोळा नाही. खरी गोष्ट अशी, की ठोकळा जड होता, पार्किंग लांब होतं आणि मी नवा शर्ट घातला होता.

कार्यक्रमाच्या हॉटेलात पोचलो तेव्हा सजावटवाल्यांनी काटा स्टेजवर ओढत नेलेला होता. खाली जाड लाल गालिचा आणि काटा स्टेजच्या कडेला तिरका लावलेला, म्हणजे बॉक्सरचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि कंपनीचं नाव त्याच्या खांद्यामागे. मी म्हटलं, "निनाद, हा हलवलाय. गालिचा मऊ आहे, खाली फळी टाकावी लागेल, तपासावा लागेल."

"काका, यल्ला, चला लवकर! पाच मिनिटांत लाइव्ह आहे. फळीबिळी काय, भाजीबाजार आहे का हा?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

आव्हान देणारा बॉक्सर आधी आला. काट्याच्या मधोमध उभा राहिला, मर्यादेत भरला, टाळ्या. मग कांग. गालांची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. निनादने त्याला दंडाला धरून पुढे सरकवलं. "चॅम्प, कॅमेरा, कॅमेरा." कांगचा सगळा भार पुढच्या उजव्या कोपऱ्यावर गेला. मी ते पाहिलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते न दिसणं शक्य नाही. आकडा मर्यादेच्या दोनशे ग्रॅम वर थांबला.

हॉलमध्ये आवाज उठला. चड्डी काढून, आडवा टॉवेल धरून पुन्हा वजन केलं. पुन्हा वरच. तेव्हा हान पुढे आला. साठी ओलांडलेला ठेंगणा माणूस. त्याने बुटाची टाच गालिच्यात दाबून पाहिली, ती रुतली. मग तो बॉक्सिंग संघटनेच्या, कोट घातलेल्या निरीक्षकांकडे वळला आणि तुटक इंग्रजीत म्हणाला, "काटा तपासा. ठाऊक असलेलं वजन ठेवा. एकदाच."

इतकी साधी मागणी. ससाणेवाल्या म्हाताऱ्याचीच मागणी. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर मोघे?"

माझ्याकडे वजन नव्हतं. वजनं घरी चौरंगावर झेंडूच्या फुलांत बसली होती. हे एवढ्या कॅमेऱ्यांसमोर, त्या निनादसमोर सांगायचं? फळीवरून मघाशी हसलो ते माझंच हसू मला पुन्हा ऐकू आलं असतं. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, काटा आज सकाळीच इथे तपासलाय. चारही कोपरे."

एवढंच. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यातलं पहिलं खोटं, त्या कांदेवाल्यालाही जे कधी दिलं नाही ते. आणि वर हानकडे पाहून मी हेही म्हणालो, "दुबईतले काटे चुकत नाहीत. माणसं जास्त खातात." लोक हसले. कोट घातलेले निरीक्षकही हसले. हानने माझ्याकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि कांगला घेऊन खाली गेला. त्या देशात मोठ्यांना असा नमस्कार करतात म्हणे.

नियमाप्रमाणे वजन उतरवायला कांगला दोन तास मिळाले. ऑक्टोबर असला तरी दुबईत दुपारी अंगाची काहिलीच होते. हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या कपड्यांत तो धावत होता आणि हान टॉवेल घेऊन त्याच्या बाजूने पळत होता. काही पाहुणे काचेआडून, थंडगार लॉबीतून व्हिडिओ काढत होते. घाम येईना, कारण अंगात पाणीच उरलं नव्हतं. मग हानने त्याला कडेच्या कठड्यावर बसवून त्याचं डोकं भादरलं. केसांचं वजन ते किती! काळ्या केसांचे पुंजके सिमेंटवर पडलेले होते आणि मी दारात उभा राहून संत्र्याचा रस पीत होतो. अजूनही मी गाडी काढून अल नहदाला जाऊ शकलो असतो. वजनं घेऊन येऊ शकलो असतो.

दुसऱ्या वेळी तो पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा राहिला. आकडा खाली आला होता, पण मर्यादेच्या केसभर वरच. निरीक्षकांनी मान हलवली. पट्टा टेबलावर होता, तो एका पोरीने उचलून बॅगेत ठेवला. कांग काट्यावरून उतरला तो काट्यालाच वाकून नमस्कार करून. माझ्या काट्याला.

पट्टा गेला तरी दुसऱ्या दिवशी लढत ठरल्याप्रमाणे झालीच, तिचं वर्णन करत नाही. सुकलेल्या माणसाला मारायला फार कौशल्य लागत नाही. चौथ्या फेरीत हानने रिंगमध्ये टॉवेल फेकला, म्हणजे हार मानली. सोफ्यांवरचे लोक नाराज झाले, एवढ्या लवकर संपलं म्हणून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा उचलायला गेलो. स्टेज अजून तसंच होतं. या वेळी वजनं नेली होती, त्यांच्यावरचं हळदकुंकूही पुसलेलं नव्हतं. मधे बरोबर. तीन कोपरे बरोबर. पुढचा उजवा कोपरा जास्त दाखवत होता, आणि कांग जेवढा वर भरला होता त्याच्यापेक्षाही जास्त. म्हणजे तो पहिल्याच वेळी मर्यादेत होता. धावायची गरज नव्हती. केस कापायची गरज नव्हती.

निनादला बोलावून दाखवलं. त्याने ठोकळ्याकडे आणि आकड्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, खलास. तसाही तो हरलाच ना? आता हे उकरून कुणाचं भलं होणार? तुमचं?"

हा प्रश्न निनादच्या बुद्धीला साजेसा होता. माझ्या लायकीलाही साजेसा निघाला, कारण मी गप्प बसलो. इंटरनेटवर लोकांनी कांगची टर उडवली. पट्टा खाल्ला म्हणाले. त्याच्या देशातल्यांनी तर आळशी ठरवलं. तो पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. आणि मी? मी बरीच वर्षं मनातल्या मनात हिच्या पूजेला दोष दिला. एकदा भांडणात बोलूनही दाखवलं. ही शांतपणे म्हणाली, "वजनांना फुलं मी वाहिली. खोटं तुम्ही बोललात."

मागच्या हिवाळ्यात डोंगरापलीकडच्या फुजैराहून एका ओळखीच्या मराठी माणसाचा फोन आला. तिथल्या तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत तो नोकरीला आहे. "मोघेकाका, आमच्या करमणूक हॉलमधला काटा बिघडलाय. एक कोरियन मास्तर मुलांना बॉक्सिंग शिकवतो, त्याला वजनाचं फार वेड. कांग म्हणून आहे."

दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलं होतं, तरी मी स्वतः गेलो. वजनं गाडीत घेतली. डोंगरातल्या रस्त्याने वाटभर इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो.

त्याने मला ओळखलं नाही. का ओळखावं? अंगाने भरलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याचं इंग्रजी माझ्या अरबीसारखं, कामापुरतं. मी काटा उघडला. तो माझ्याशेजारी मांडी घालून बसला आणि मी ठोकळा एकेका कोपऱ्यावर ठेवत होतो ते बारकाईने पाहत होता.

"चारही कोपरे?" त्याने विचारलं.

"चारही," मी म्हणालो. "नाही तर काटा खोटं बोलतो."

तो हसला. "काटा नाही. माणूस. मी खोटं बोललो होतो."

मग त्याने आपणहून सांगितलं. वजनाच्या आदल्या रात्री त्याला तहान असह्य झाली. हान झोपला होता. त्याने न्हाणीघराच्या नळाखाली ओंजळ धरली आणि एक घोट पाणी प्यायला. हानने सकाळी विचारलं तेव्हा नाही म्हणाला. पट्टा गेल्यावर मात्र रडत कबूल केलं. "मास्तर विमानतळावर दुसऱ्या रांगेत उभे राहिले. तेव्हापासून बोललेले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर काटा तपासा म्हणून माझ्यासाठी स्वतःचा अपमान करून घेतला, आणि चूक माझी होती. एका घोटाची." मग म्हणाला, "ते आता खूप आजारी आहेत. मी पत्र पाठवतो. उत्तर येत नाही."

माझ्या हातात ठोकळा होता. तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

तेवढ्यात शिकणारी मुलं आत आली, आणि कांग उठून त्यांना म्हणाला, "या सरांना नमस्कार करा. हे काटा खरा करतात." सगळी रांगेत वाकली. "गुड इव्हनिंग, सर!" त्यात एक आपल्याकडची मुलगीही होती. माझं उघडलेलं तोंड मिटलं. कांग दुरुस्त केलेल्या काट्यावर उभा राहिला, अगदी मधोमध, आणि त्याने मला विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

त्याने पैसे घेता का विचारलं, मी नको म्हटल्यावर समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पापड्यांचं पाकीट जबरदस्तीने हातात दिलं. मी तेही घेतलं. शालीसारखंच.

घरी आलो तर हिने दारातच विचारलं, "सांगितलंत?"

"काटा नीट झाला."

"मी काट्याचं नाही विचारलं."

रमजान उलटल्यावर पुन्हा फुजैराला गेलो. या वेळी ही बरोबर आली आणि गाडीत मला ती वाक्यं मोठ्याने म्हणायला लावत होती, शाळेतल्या पोराकडून पाढे घ्यावेत तशी. हॉलला कुलूप होतं. केरळचा एक पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. "वो कोरियावाला मास्टर? खलास. कंपनी का कॉन्ट्रॅक्ट खतम हुआ, वो चला गया." पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. फोन लागला नाही, अजूनही लागत नाही. काटा खिडकीतून दिसत होता, भिंतीला टेकवून उभा केलेला.

परत येताना डोंगरात ही म्हणाली, "आता म्हणा एकदा. मी ऐकते." मी म्हटलं नाही. तिच्यासाठी ती वाक्यं नव्हती. ती अशी होती:

कांग, तुमचं वजन पहिल्याच वेळी बरोबर होतं. त्या एका घोट पाण्यासकट. काटा माझा होता आणि मी तो तपासला नव्हता. हे तुमच्या मास्तरांना सांगा. मला माफ करा.